लेक पेडर: पाण्याखाली गेलेलं सरोवर

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया या बेट-राज्याच्या नकाशावर नैर्ऋत्येला 'लेक पेडर' असं नाव लिहिलेला एक भला मोठा निळा डाग आहे. क्षेत्रफळ सुमारे २४० चौरस किलोमीटर. हे पाणी तिथे १९७२ साली आलं. त्याच्या पोटात, पृष्ठभागापासून सुमारे १५ मीटर खाली, खरं लेक पेडर आहे. ते जेमतेम नऊ-दहा चौरस किलोमीटरचं होतं. सरकारी कागदांत नव्या पाण्याला काही काळ 'ह्युऑन-सर्पेंटाइन इंपाउंडमेंट' म्हणत, पण ते नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही आणि बुडालेल्याचं नाव बुडवणाऱ्याला मिळालं. मराठीत निदान सोय आहे. निसर्गाने घडवलं ते सरोवर, धरणाने अडवला तो जलाशय. हा भेद मी शेवटपर्यंत पाळणार आहे, कारण एकच नाव चालू राहिल्यामुळे पुढच्या पिढ्यांना नेमकं काय गेलं हेच दिसेनासं झालं.

हे प्रकरण पर्यावरणाच्या अभ्यासक्रमांत बहुधा 'पहिला हरित पक्ष कसा जन्मला' या अंगाने शिकवतात. तेही खरंच. मला मात्र यातला निर्णयाचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी काय ठरलं, मग काय बांधलं आणि सरोवराचा प्रश्न कोणत्या टप्प्यावर विचारला गेला, हे नीट पाहिलं की पेडर का गेलं ते कळतं.

सरोवर कसं होतं

शेवटच्या हिमयुगात फ्रँकलंड डोंगररांगेच्या उतारांवर हिमनद्या होत्या. त्यांनी घासून आणलेली वाळू आणि दगडगोटे त्यांच्या वितळपाण्याबरोबर खालच्या दरीत पसरले. त्या भराने सर्पेंटाइन नदीच्या सपाट खोऱ्यातला निचरा तुंबला आणि मागे पाणी साचलं. सरोवर उथळ होतं, बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण भोवतीच्या पीट मातीतून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून, झिरपत येताना ते वनस्पतींतलं टॅनिन घेऊन येई. रंग गडद, तरी पाणी स्वच्छ.

पूर्वेच्या काठावर क्वार्टझाइटच्या वाळूचा किनारा होता, गुलाबी झाक असलेला. लांबी सुमारे तीन किलोमीटर. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरलं की रुंदी ७००-८०० मीटरपर्यंत जाई. वाळू इतकी घट्ट बसलेली असे की छोटी विमानं थेट तिच्यावर उतरत. चालत यायचं तर बटनग्रास गवताच्या दलदलीतून काही दिवसांची वाट होती, त्यामुळे पेडर पाहिलेल्या पुष्कळ लोकांची पहिली आठवण विमानाच्या खिडकीतली आहे: काळसर पाणी, त्याला लागून गुलाबी पट्टा, त्यामागे वाळूच्या टेकड्या आणि वर फ्रँकलंडचे दातेरी सुळके. किनाऱ्यावर नाण्यांसारख्या गोल, चपट्या, तपकिरी चकत्या सापडत. वाळूतल्या खड्याभोवती लोह आणि मँगनीजचे थर चढून त्या बनत. लोक त्यांना 'पेडर पेनी' म्हणत आणि खिशात घालून नेत. आज त्या काही घरांत आणि संग्रहालयांत आहेत, एवढंच.

भोवतालच्या अरण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सरोवराच्या अगदी काठी बहुतेक बटनग्रासची पठारं आणि झुडपं होती. पण नदीकाठांनी, घळींतून आणि वणव्यापासून आडोशाला असलेल्या उतारांवर टास्मानियाचं थंड वर्षारण्य होतं. मर्टल बीच, सॅसाफ्रास, आणि पाण्याच्या कडेने ह्युऑन पाइन. हे झाड दक्षिण गोलार्धातल्या फार जुन्या कुळातलं आहे. खोडाचा घेर इतका सावकाश वाढतो की व्यासात वर्षाला सरासरी मिलीमीटरभर भर पडते. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी झाडं माहीत आहेत. लाकडात मिथाइल युजेनॉल हे तेल असतं, म्हणून ते कुजत नाही. शतकानुशतकं नदीत पडून राहिलेला ओंडकाही कापला की घमघमतो. या गुणानेच त्याचा घात केला. १८२० च्या दशकात कैद्यांच्या वसाहतीत जहाजं बांधण्यासाठी तोड सुरू झाली आणि नदीतून ओंडके वाहून आणता येतील तिथवरची जंगलं पुढच्या शंभर वर्षांत रिकामी झाली. जिथे घळ अरुंद होती आणि पाणी खळाळतं होतं, तिथेच जुनी झाडं राहिली.

वायव्येला माउंट रीडवर लेक जॉन्स्टन नावाचं आणखी एक हिमनदीने कोरलेलं छोटं सरोवर आहे. त्याच्या काठचा ह्युऑन पाइनचा जथा जनुकीयदृष्ट्या एकच नर आहे. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा मुळं धरत तो दहा हजार वर्षांहून अधिक काळ तिथे टिकून आहे. म्हणजे बर्फ मागे सरल्यानंतर सरोवर भरलं आणि जवळजवळ त्याच सुमारास झाडाने तिथे पाय रोवले. टास्मानियाच्या या भागात सरोवराचं वय आणि अरण्याचं वय असं एका काट्याने मोजावं लागतं.

या प्रदेशात माणूस तीस हजार वर्षांहून जास्त काळ राहिलेला आहे, हिमयुगाच्या कडाक्यातही. 'पेडर' हे नाव मात्र १८३५ सालचं. भूमापक जॉन हेल्डर वेज याने वसाहतीच्या पहिल्या सरन्यायाधीशाचं, जॉन पेडरचं नाव सरोवराला दिलं.

वीज हेच राज्य

टास्मानिया लहान आणि गरीब राज्य. कोळसा थोडा, पाऊस भरपूर, डोंगर उंच. १९१४ पासून सरकारी वीज खातं होतं. त्यातूनच पुढे हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन झालं, ज्याला सगळे 'हायड्रो' म्हणत. धोरण सरळ होतं: स्वस्त वीज निर्माण करायची, तिच्या आमिषाने जस्त, ॲल्युमिनियम, कागद यांचे कारखाने बोलवायचे, त्यातून रोजगार. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या हजारो निर्वासितांना याच धरणांवर काम मिळालं. सर ॲलन नाइट १९४६ पासून तीन दशकं हायड्रोचे आयुक्त होते. मुख्यमंत्री आले-गेले, ते राहिले. मजूर पक्षाचे मुख्यमंत्री एरिक रीस यांना तर लोक 'इलेक्ट्रिक एरिक' म्हणत.

या माणसांना खलनायक करून टाकणं सोपं आहे आणि ते चुकीचं होईल. रीस खाणकामगाराच्या कष्टांतून वर आलेले होते. दिवे लागलेलं घर आणि भोंगा वाजणारा कारखाना ही त्यांच्यासाठी प्रगतीची खरी खूण होती. १९६७-६८ मध्ये दुष्काळ पडला आणि राज्यात विजेचं रेशनिंग करावं लागलं, त्यामुळे आणखी धरणं हवीत हे सामान्य मतदाराला पटवायला फार शब्द लागले नाहीत. प्रश्न एवढाच होता की कोणतं धरण, कुठे आणि कशाच्या मोबदल्यात. तो या क्रमाने कधी विचारलाच गेला नाही.

आधी रस्ता, मग आराखडा, शेवटी सरोवर

१९५५ साली सरोवर आणि भोवतालचा सुमारे २४,००० हेक्टर प्रदेश 'लेक पेडर राष्ट्रीय उद्यान' म्हणून जाहीर झाला. गिर्यारोहकांनी आणि निसर्गप्रेमींनी मागणी करून ते मिळवलं होतं. त्यांना वाटलं, सरोवर आता सुरक्षित झालं.

१९६३ मध्ये गॉर्डन नदीच्या खोऱ्याकडे रस्ता काढायला केंद्र सरकारकडून मोठी रक्कम मिळाली. मेडेना गावापासून रस्ता आत घुसू लागला. रस्ता कशासाठी, तर पाहणीसाठी. पण एवढा पैसा ओतून कोणी नुसती पाहणी करत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही खेडुताला कळतं. १९६५ मध्ये रीस यांनी सांगितलं की उद्यानात काही फेरफार होतील. फेरफार म्हणजे काय, हे सांगितलं नाही. १९६७ मध्ये हायड्रोचा आराखडा विधिमंडळासमोर आला तेव्हा तो शब्द उलगडला.

आराखडा असा: गॉर्डन नदीवर १४० मीटर उंचीचं कमानी धरण. शेजारच्या खोऱ्यात सर्पेंटाइन नदीवर एक, ह्युऑन नदीच्या उगमाकडे स्कॉट्स पीकला दुसरं आणि एडगर इथे तिसरं, अशी तीन धरणं. या तिघांनी मिळून सरोवराच्या डोक्यावर जलाशय तयार होणार आणि त्याचं पाणी मॅकपार्टलन खिंडीतल्या कालव्याने गॉर्डनच्या जलाशयात उतरणार. वीज फक्त गॉर्डनलाच, जमिनीखालच्या केंद्रात. म्हणजे पेडर बुडवायचं ते तिथे वीज करण्यासाठी नव्हे, तर शेजारच्या टाकीला पाण्याची जोड म्हणून. गॉर्डनचं मोठं धरण सरोवराला हात न लावताही उभं राहिलं असतं. वीज कमी झाली असती, किती कमी आणि किती महाग, यावर वाद घालता आला असता. पण विधिमंडळासमोर आराखडा एकच होता. सरोवर वाचवणारा पर्याय, त्याचा खर्च, त्याची वीज, असं दुसरं पान त्या फायलीत नव्हतं. आमदारांनी 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचं, आणि 'नाही' म्हणजे विजेला नाही, रोजगाराला नाही.

माझ्या मते सगळं प्रकरण इथे ठरलं. पुढची सात वर्षं लोक लढले, मेले, कोर्टाच्या दारापर्यंत गेले, पण ज्या टेबलावर सरोवराचं वजन करायचं होतं तिथे ते कधी ठेवलंच गेलं नाही.

विरोध लगेच उभा राहिला. समिती स्थापन झाली, हजारो सह्यांचा अर्ज गेला, वरिष्ठ सभागृहाने चौकशी समिती नेमली, साक्षी झाल्या. कायदा तरीही मंजूर झाला. १९६८ मध्ये जुनं उद्यान मोठ्या 'साउथवेस्ट राष्ट्रीय उद्याना'त विलीन केलं गेलं. कागदावर संरक्षित क्षेत्र वाढलं आणि ज्याच्यासाठी उद्यान झालं होतं ते पाण्याखाली जायला मोकळं झालं.

हायड्रोतला कारकून

ओलेगास त्रुखानास हा या गोष्टीतला माझ्या सगळ्यात जवळचा माणूस. १९२३ साली लिथुआनियात जन्मले, युद्धानंतर निर्वासित म्हणून टास्मानियात आले आणि नोकरी मिळाली ती हायड्रोमध्येच. सुट्टी मिळाली की ते नैर्ऋत्येच्या रानात जात. १९५८ मध्ये स्वतः बनवलेल्या घडीच्या होडीतून त्यांनी एकट्याने पेडरपासून सर्पेंटाइन आणि गॉर्डन नद्यांतून थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास केला. वाटेत कॅमेरा सतत चालू. पेडरच्या हजारो पारदर्शिका (स्लाइड) त्यांच्याकडे जमल्या होत्या.

७ फेब्रुवारी १९६७ ला होबार्टभोवती भयंकर वणवा पेटला. त्यात त्रुखानास यांचं घर जळालं आणि सगळा संग्रह राख झाला. याच वर्षी सरोवर बुडवायचं ठरलं. पुढची चार वर्षं हा माणूस पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गेला आणि सरोवर असेतो त्याचे फोटो परत काढत राहिला. मग होबार्टच्या टाउन हॉलमध्ये ते पडद्यावर दाखवले. लोक दाटीवाटीने बसत, बाहेर रांगा लागत. नोकरी हायड्रोची असल्यामुळे त्यांना उघड राजकीय बोलता येत नव्हतं. ते संगीत लावत आणि चित्रं दाखवत.

त्यांचं दुसरं काम कमी जणांना माहीत आहे आणि या लेखाच्या दृष्टीने तेच मोठं. डेनिसन नदीच्या काठी त्यांना ह्युऑन पाइनचं एक जुनं, लाकूडतोड्यांच्या हाती न लागलेलं रान दिसलं. हजार वर्षांहून जुनी झाडं होती त्यात. त्रुखानास यांनी गाजावाजा न करता त्याच्यासाठी पाठपुरावा केला, आणि १९७० मध्ये सुमारे ४०० हेक्टरचं ते रान राखीव झालं. आज ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

एकाच माणसाने, एकाच काळात, एकाच सरकारकडे दोन गोष्टी मागितल्या. रान मिळालं, सरोवर नाही. रानाच्या बाबतीत अजून कोणी आराखडा काढलेला नव्हता, कोणाची प्रतिष्ठा पणाला लागलेली नव्हती, रस्त्याचे पैसे खर्च झालेले नव्हते. सरोवराच्या बाबतीत हे सगळं होऊन गेलं होतं. दोन्हींच्या सौंदर्यात किंवा शास्त्रीय मोलात डावंउजवं करता येणार नाही.

६ जानेवारी १९७२ ला गॉर्डन नदीत त्रुखानास बुडाले. धरणं ही नदी बदलून टाकतील त्याआधी तिचं छायाचित्रण करायला ते पुन्हा गेले होते. त्यांचा मृतदेह शोधून काढला तो त्यांचा तरुण शिष्य पीटर डोम्ब्रोव्स्किस याने.

१९७२

त्या उन्हाळ्यात पाणी चढू लागलं होतं. आधीच्या वर्षी, मार्च १९७१ च्या जोडसुट्टीत, सुमारे हजारभर माणसं चालत किंवा विमानाने किनाऱ्यावर निरोप घ्यायला आली होती.

२३ मार्च १९७२ ला होबार्टच्या टाउन हॉलमध्ये एक सभा झाली. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही धरणाच्या बाजूने, मग मत कोणाला द्यायचं? त्या सभेत 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' स्थापन झाला. अध्यक्ष वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्स. हा जगातला पहिला हरित पक्ष मानला जातो. महिनाभरात निवडणूक होती. पक्षाला एकही जागा मिळाली नाही, रीस पुन्हा मुख्यमंत्री झाले.

सप्टेंबरात ब्रेंडा हीन आणि वैमानिक मॅक्स प्राइस एका जुन्या टायगर मॉथ विमानातून राजधानी कॅनबेराकडे निघाले. संसदेच्या वरच्या आकाशात धुराने पेडर वाचवण्याचं आवाहन लिहायचं आणि खासदारांना भेटायचं असा बेत होता. हीन या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, वयाने साठीच्या आसपासच्या शांत बाई. ८ सप्टेंबरला विमान उडालं आणि टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे नाहीसं झालं. विमानाचे अवशेष किंवा दोघांचे मृतदेह कधी सापडले नाहीत. विमान ठेवलेल्या हँगरमध्ये आधी कोणीतरी घुसल्याचं आढळलं होतं, हीन यांना धमकीचा फोनही आला होता. या सगळ्याचा छडा आजवर लागलेला नाही. या दोघांचं काय झालं हे कळल्याशिवाय पेडरची फाइल बंद झाली असं कोणी म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग कायद्याची बाजू. राष्ट्रीय उद्यान बुडवायचा अधिकार हायड्रोला खरोखर आहे का, हा प्रश्न आंदोलकांना कोर्टात न्यायचा होता. त्या काळच्या तिथल्या कायद्यानुसार सामान्य नागरिकाला सार्वजनिक हिताचा दावा थेट लावता येत नसे. ॲटर्नी जनरलची, म्हणजे राज्याच्या कायदामंत्र्याची, परवानगी लागे. आपल्याकडची जनहित याचिका अजून जन्मायची होती, तिथेही तसंच. ॲटर्नी जनरल मर्विन एव्हरेट परवानगी द्यायला तयार झाले. मंत्रिमंडळाने विरोध केला, तेव्हा त्यांनी ते पद सोडलं. रीस यांनी स्वतःच ती जबाबदारी घेतली आणि परवानगी नाकारली. नंतर विधिमंडळाने एक कायदा केला, ज्याचं नावच 'शंका निरसन' कायदा. हायड्रोला अधिकार होता की नाही याबद्दल काही शंका असेल तर ती दूर करण्यात येत आहे, असा त्याचा आशय. न्यायाधीशासमोर प्रश्न जायच्या आतच उत्तर छापून आलं.

उशिरा आलेलं शहाणपण

डिसेंबर १९७२ मध्ये केंद्रात गॉफ व्हिटलम यांचं सरकार आलं. तेही मजूर पक्षाचंच, पण नव्या पिढीचं. त्यांनी चौकशी समिती नेमली. १९७३ च्या अंतरिम अहवालात समितीने सांगितलं की भरणं थांबवा, सरोवर परत उघडं पाडता येईल का याचा अभ्यास करा, आणि त्याचा खर्च केंद्राने उचलावा. बऱ्याच ओढाताणीनंतर केंद्राने पैसे देऊ केले. रीस यांनी ते घेतले नाहीत. अंतिम अहवाल १९७४ मध्ये आला, तोवर किनाऱ्यावर बोट चालवावी इतकं पाणी होतं.

त्या सरोवरात आणि किनाऱ्यात असे काही जीव होते जे दुसरीकडे फारसे किंवा मुळीच नव्हते. किनाऱ्याच्या वाळूतून १९७१ मध्ये एका गांडुळाचा एकच नमुना मिळाला होता. ते पुन्हा कधी सापडलं नाही आणि नामशेष म्हणून नोंदलं गेलं. पेडर गॅलॅक्सियस हा बोटभर लांबीचा मासा सुरुवातीला नव्या पाण्यात खूप वाढला, मग ब्राऊन ट्राउट आणि चढणारा गॅलॅक्सियस या दोन माशांपुढे त्याचा निभाव लागला नाही. १९९० च्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी उरलेले मोजके मासे पकडून वेस्टर्न आर्थर रांगेतल्या लेक ओबेरॉनमध्ये सोडले. हेही हिमनदीने कोरलेलं सरोवर, पण याआधी त्यात मासा नव्हता. तिथे ते तगले. २००० नंतर आणखी एका लहान तलावात त्यांची दुसरी वस्ती केली गेली. आपल्या मूळ घरात हा मासा आता नाही. ट्राउट मात्र जलाशयात इतके माजले की काही वर्षं दूरदूरचे गळकरी त्यांच्यासाठी येत. बुडालेल्या जमिनीतल्या किड्या-गांडुळांवर ते पोसले होते, आणि तो साठा संपला तसे लहान होत गेले.

पेडरवरून शिकलेले लोक

१९७० च्या दशकाच्या अखेरीस हायड्रोने गॉर्डनच्या खालच्या भागात, फ्रँकलिन नदीच्या संगमाखाली नवं धरण मांडलं. या वेळी पेडरचे लोक तयार होते. १९७६ मध्ये 'टास्मानियन वाइल्डरनेस सोसायटी' स्थापन झाली होती. १९८१ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर दोन धरणांतलं एक निवडायचं होतं, 'धरण नको' असा रकानाच नव्हता. तेव्हा सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने 'नो डॅम्स' लिहिलं. १९६७ मध्ये आमदारांपुढे नसलेलं ते दुसरं पान या वेळी मतदारांनी स्वतः लिहून जोडलं. १९८२ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा झाला, डिसेंबरात नदीवर नाकेबंदी झाली, शेकडो लोकांना अटक झाली. डोम्ब्रोव्स्किसने काढलेलं धुक्यातल्या फ्रँकलिनचं छायाचित्र १९८३ च्या निवडणुकीत देशभर छापलं गेलं. १ जुलै १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी केंद्राचा अधिकार मान्य केला आणि धरण थांबलं. फ्रँकलिनकाठचे ह्युऑन पाइन आज उभे आहेत.

म्हणून 'पेडर गेलं, पण फ्रँकलिन वाचली' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते वाक्य बोचतं. सरोवर हे कोणाचं शिकवणीचं शुल्क नव्हतं.

तळाशी काय आहे

१९९० च्या दशकात पाणबुड्यांनी आणि शास्त्रज्ञांनी जलाशयाचा तळ तपासला. भीती होती की किनारा गाळाखाली गडप झाला असेल. तसं नव्हतं. भोवती शेती नाही, उघडी माती नाही, नद्या स्वच्छ, त्यामुळे वाळूवर फक्त काही मिलीमीटर गाळ बसला होता. वाळूच्या टेकड्या जागेवर होत्या, बुडालेल्या झुडपांची खोडंसुद्धा.

यातूनच १९९४ मध्ये सरोवर पुन्हा उघडं करण्याची मोहीम सुरू झाली. १९९५ मध्ये संसदीय समितीने तपासलं: तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण तेवढा खर्च आणि विजेचं नुकसान सोसण्याइतकं सबळ कारण दिसत नाही, असा निष्कर्ष. विरोधकांच्या शंका खोट्या नाहीत. पाणी उतरल्यावर काही वर्षं चिखलाची आणि मेलेल्या पीटची उघडी पट्टी दिसेल, वाऱ्याने माती उडेल, ट्राउटची मासेमारी जाईल. जलविद्युत ही कोळशापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, आणि हवामानबदलाच्या काळात ती सोडणं सोपं नाही. याउलट मोहिमेचे लोक दाखवतात की आजच्या टास्मानियात वाऱ्याची वीज आहे, मुख्य भूमीशी केबल आहे, आणि या जलाशयाची पातळी मुळातच जेमतेम दीड मीटरच्या पट्ट्यात ठेवावी लागते, म्हणजे साठवणीसाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे; तो मुख्यतः पाणी वळवायचं भांडं आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. बटनग्रास आणि झुडपं तिथल्या निकृष्ट मातीत सावकाश पण नक्की परततात, हिमयुगानंतर ती उघड्या वाळूवरच आली होती.

काळाचं मापही इथे वेगळं आहे. १९७२ पासून आजवर डेनिसनकाठच्या एखाद्या ह्युऑन पाइनचं खोड जाडीने जेमतेम पाच सेंटिमीटर वाढलं असेल. राज्याच्या हिशेबात पन्नास वर्षं म्हणजे दहा-बारा सरकारं.

दरम्यान धरणं म्हातारी झाली आहेत. एडगर धरण लेक एडगर भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेच्या, अगदी जवळ आहे, आणि भूकंपात ते टिकावं म्हणून मजबुतीकरणाचा प्रस्ताव हायड्रोने मांडला आहे. स्कॉट्स पीकचंही काम करावं लागणार आहे. हा खर्च एकदा झाला की पुढची अनेक दशकं जलाशय राहणार, सरोवराची चर्चा आपोआप मागे पडणार. सरोवर परत मिळवायची मोहीम आता माजी सिनेटर क्रिस्टीन मिल्न यांच्या पुढाकाराने चालते. त्यांची मागणी अशी आहे की धरणं पक्की करायचा खर्च आणि ती काढून सरोवर उघडं करायचा खर्च, दोन्ही पानं एकाच वेळी टेबलावर ठेवा आणि भराव टाकायच्या आधी ठेवा.